खुडलेले शेंडे

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी नऊ. गेटाशेजारच्या वाफ्यापाशी हजर: सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावरचे स्कूटरवाले काका, तळमजल्यावरच्या आजी आणि मी.

वाफा सोसायटीचा. गणपतीनंतर मी तो मागून घेतला, तेव्हाच सेक्रेटरींनी अट घातली होती: संक्रांतीच्या आत फुलं दिसली तर वाफा राहील, नाहीतर पेव्हर ब्लॉक बसवून तिथे दुचाक्या लावायच्या. ठाण्यातल्या बाळकुमच्या आमच्या आवारात दुचाकीला जागा नाही म्हणून रोज वाद होतात. फुलांच्या बाजूने मी एकटीच होते.

मी उंच व्हर्बिना निवडली. कमरेच्या वर जाते, पण काड्या बारीक, चौकोनी. जागा खात नाही. बी मातीत पुरायचं नसतं, वर भुरभुरवून नुसतं दाबायचं. बाल्कनीतल्या ट्रेमध्ये उगवलेल्यांपैकी धट्टीकट्टी बारा रोपं दसऱ्यानंतर वाफ्यात लावली. पाणी एक दिवसाआड, तेही मुळाशी. पानं ओली राहिली की बुरशी धरते. सगळं वहीत आहे.

रोपं गुडघ्याएवढी झाली आणि वहीत नवा रकाना आखावा लागला: गायब शेंडे. सोमवारी दोन, बुधवारी तीन, होता होता दहा. गोगलगाय असती तर पानं कुरतडलेली दिसली असती. हे काम स्वच्छ होतं, बरोबर पेराच्या वर. काका रोज स्कूटर पुसताना वाफ्याकडे बघायचे. तेही मी टिपत गेले.

रविवारी सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "मॅडम, फुलं कुठायत? हे तर गवत दिसतंय."

"शेंडेच ठेवले नाहीत कोणी," मी म्हणाले आणि काकांकडे पाहिलं.

"मी?" काका हसले. "अहो, मला घरातली कोथिंबीर निवडता येत नाही!"

तेवढ्यात आजी पुढे झाल्या. त्या इथल्याच; आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांचं शेत होतं.

"मीच खुरले गो बाय. शेंडा खुरला नाय त झार फुटल कसा? आमी मिरचीचा पन खुरायचो."

मी वाकून पाहिलं. प्रत्येक खुडलेल्या काडीला खालून दोन-दोन फांद्या फुटलेल्या. आजींचं खरं होतं. पण खुडलेल्या रोपाला फूल तीन-चार आठवडे उशिरा येतं हेही खरं, आणि ते शेतात जन्म काढलेल्या बाईला माहीत नसेल? आजींच्या जावयाची बुलेट दर रविवारी गेटाबाहेर रस्त्यावर उभी असते.

भिंतीकडची दोन रोपं तेवढी वाचली होती. बहुधा आजींचा हात तिथवर पोचला नसावा. त्या रोपांना कळ्या होत्या. मी त्या दाखवल्या.

"पंधरा दिवस," सेक्रेटरी म्हणाले. "फूल दिसलं पाहिजे. कळी चालणार नाही."

काकांची माफी मी तिथल्या तिथे मागितली. आजी जाता जाता भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती दोन रायलीन बग. खुरून टाक, गच्च व्हतील."

तेव्हापासून आजी रोज सकाळी गेटापाशी विचारतात, "खुरलेस काय गो?" मी सांगते, "यादीत आहे."

आज चौथा दिवस. कळ्यांना जांभळी छटा आली आहे. कामांच्या यादीत 'भिंतीकडचे शेंडे' लिहिलेलं आहे, खुडलेले नाहीत.