आम्ही की आपण

क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या त्या मोठ्या मंडपात, ती रोज एकटीच जेवायची. शेजारच्या टेबलावर मीही. ती पन्नाशीची चिनी बाई, मिशनरी म्हणून महाराष्ट्रातल्या एका खेड्यात निघालेली. मला फोनवर मराठी बोलताना ऐकून तिनं ओळख काढली. तेव्हापासून डोळे मिटून प्रार्थना झाली की मराठी सुरू, भात गार होईपर्यंत. 'आम्ही'त समोरचा येत नाही, 'आपण'मध्ये येतो, एवढं मात्र काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना.

निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "तिकडे एकटं नाही वाटणार?"

"सवय आहे," चमचा टिश्यूनं पुसत ती म्हणाली. "आपण एकटेच जेवतो."

तिला म्हणायचं होतं, आम्ही मिशनरी. चूक सुधारायला मी तोंड उघडलं, आणि माझ्याच ताटाकडे नजर गेली.

"बरोबर," मी म्हणालो.