कानेदा-सानांचा देश

पोस्टिंगवर किस्से आपोआप साठतात. आमच्या भारतीय बँकेच्या ओसाका शाखेत डबे उघडले की ज्याचे त्याचे बाहेर पडायचे. सर्वांत जास्त कानेदा-सानांचे. ते स्वतः बोलायचे कमी. आम्हीच विचारून विचारून काढून घेतलेले.

*

कानेदा-सान आमचे सीनिअर, साठीला टेकलेले. जन्म, शाळा, सगळं ओसाकाचं. मी त्यांना जपानीच समजत होते. एकदा त्यांना पुण्याला ट्रेनिंगला पाठवायचं ठरलं. मी फॉर्म भरायला पासपोर्ट मागितला. नाही म्हणाले. मग काढून घ्या, मी म्हटलं.

"कोण देणार?"

तेव्हा कळलं. कोरियावर जपानचं राज्य होतं तेव्हा त्यांचे आईवडील इकडे आले, जपानची प्रजा म्हणून. राज्य गेलं, पाठोपाठ नागरिकत्वही काढून घेतलं. मुलगा इथे जन्मला तरी परकाच. त्यांच्या परकीय रहिवाशाच्या कार्डावर फाळणीआधीच्या कोरियाचं नाव होतं. तो देश आता नकाशात नाही.

पुण्याला दुसरं कोणी गेलं.

*

त्यांचे वडील जपानी सैन्यात होते. लढाईत पाय गेला. बरोबरच्या जखमींना पेन्शन सुरू झाली, म्हणून हेही अर्ज घेऊन गेले. खिडकीतला माणूस अदबीने म्हणाला, ही फक्त जपानी सैनिकांसाठी आहे.

वडील म्हणाले, "पाय जपानी सैनिकाचाच गेलाय."

*

निवडणुकीच्या आठवड्यात एका ज्युनिअरने सहज विचारलं, मत दिलंत का?

"मला अजून अठरा पूर्ण व्हायचीत," कानेदा-सान म्हणाले. ज्युनिअर हसला. आम्ही डब्यात बघत राहिलो.

*

शाळेत पोरांनी त्यांना दगड मारले, त्या दिवसापासून आईने घरात कोरियन बंद केली. आडनाव किमचं कानेदा झालं. त्यांना आज कोरियनचा एकही शब्द येत नाही.

*

मुलीचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडच्यांनी घराण्याची चौकशी केली आणि लग्न मोडलं. त्यानंतर कानेदा-सानांनी नागरिकत्वाचा अर्ज केला. वर्षभर कागद गोळा करत होते. मंजुरी आली तेव्हा आम्ही केक आणला. त्यांनी तो कापला, सगळ्यांना वाटला, आणि जागेवर जाऊन बसले.

*

त्यांची आई केअर होममध्ये होती, नव्वदीची. विसरत चालली होती. जपानी आधी गेली, उरली लहानपणची कोरियन. कानेदा-सान दर रविवारी जायचे. ती बोलायची, हे नुसते ऐकायचे.

नागरिकत्वाचं सांगायला गेले त्या रविवारी तिथे सोलहून आलेली नवी नर्स होती. आई तिच्याशी बराच वेळ बोलली. काय म्हणतेय, यांनी विचारलं. नर्स सांगेचना. फारच आग्रह केला तेव्हा म्हणाली,

"त्या म्हणतात, हा जपानी माणूस फार भला आहे, दर रविवारी येऊन बसतो. यालाच विचार, माझा मुलगा कधी येणार?"