हात काढल्यावर

सकाळी टेकडीवर शेजारचे आपटेकाका तांब्याच्या नळीची मोठी रिंग कॅमेऱ्याच्या स्टँडवर उभी करून बसले होते. ही त्यांच्या हौशी रेडिओची अँटेना. तिच्यावरचं बटण फिरवताना दूरच्या कुणाचा तरी आवाज स्पष्ट झाला, पण काकांनी हात काढताच विरून गेला.

"हात जवळ असला की हिचं ट्यूनिंग सरकतं," ते म्हणाले. "म्हणून मुद्दाम जरा चुकीचं लावायचं आणि सोडून द्यायचं."

त्यांनी तसं केलं. हात मागे घेतला आणि आवाज आपोआप जागेवर आला.

नव्या शहरात राहायला गेलेल्या लेकीला मी सकाळपासून तिसऱ्यांदा फोन लावत होतो. आजवर तिचं सगळं मी अगदी बरोबर लावून दिलं होतं, पण हात तिथेच ठेवून.

काका हात पाठीमागे बांधून ऐकत होते. मी फोन खिशात ठेवला.