आधी घोरतो का ते सांग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या लेखन-एजन्सीत 'सरांची पद्धत' म्हणून जी चालते, ती माझी नाहीच.

शिरूर कासारहून बीडला येताना एसटीत पुढच्या सीटवर एक बाई होती. पन्नाशीची, पायाशी ऊसतोडीच्या कोयत्याचं गाठोडं. शेजारच्या नव्या नवरीला 'संतोषराव' नावाला उखाणा सुचत नव्हता. मी कान टवकारले. उखाणे, भाषणं, पत्रिकांचा मजकूर लिहून देणं हाच आमचा धंदा, आणि आमचे उखाणे अगदी मिळमिळीत.

"नवऱ्याचं नाव ऱ्हाऊ दे," बाई म्हणाली, "आदी घोरतो का ते सांग."

नवरी लाजत म्हणाली, "लई."

बाईनं गुडघ्यावर दोन बोटांनी ठेका धरला. "कपिलधारला गेले, कपाळाला लावलं गंध, संतोषरावांचं घोरणं कवा हुईल बंद."

बस खदखदून हसली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, आमच्या मंडळींसाठी बी एक होऊ द्या."

"तिला तुमचा काय तरास हाय, ते आदी बोला."

हसून हसून मला ठसका लागला. उतरताना तिचं नावही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या चार लेखकांना ऐटीत सांगितलं, गिऱ्हाइकाला आधी ज्याच्यावर लिहायचं त्या माणसाची खोड विचारा. कामं धो धो आली. त्या चौघांतली, लिहिणं सोडायला निघालेली एक मुलगी थांबली. म्हणाली, "सर, तुम्ही शिकवलंत म्हणून." मी नुसती मान हलवली.

त्या चौघांना खरं सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.