सुशिलाबाई आणि कमळाचे नाटक

सुशिलाबाईंची व माझी ओळख साक्षरतेच्या वर्गामुळे झाली. तो वर्ग त्यांच्या ओसरीत भरत असे आणि त्यांची सून दुर्गेश्वरी आम्हा नऊ बायांना शिकवीत असे. मी वयाच्या बासष्टाव्या वर्षी तेथे पहिले अक्षर काढले. सुशिलाबाई स्वतः सातवी शिकलेल्या असल्यामुळे वर्गात बसत नसत. त्या सूप घेऊन दाराशी तांदूळ निवडीत आणि कोणी पाटीवर चुकले की तेथूनच टोकत. यंदा दुर्गेश्वरीने सांगितले की प्रत्येकीने आपल्या माहितीतील एका व्यक्तीविषयी लिहावे. म्हणून मी तिच्या सासूविषयी लिहीत आहे. तिची त्यास हरकत नाही, हे मी आधी विचारून घेतले आहे.

सुशिलाबाई मूळच्या सौंदडच्या. लग्न होऊन नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावी येऊन त्यांना एकतीस वर्षे झाली. तीन एकर धान, दोन म्हशी आणि घर, हे सर्व त्यांच्या अंगावर आहे. त्यांचे यजमान शालीकराम स्वभावाने चांगले आहेत. परंतु कोणतेही काम सांगितले असता ते "हाव", म्हणजे हो, म्हणतात आणि तेवढ्याने ते काम झाले असे समजतात.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असते. ज्या गावी नाटक, त्या गावी घरोघर पाहुणे. पाहुणे जेवल्याशिवाय घरच्या बाईने मंडपात जायचे नाही, असा रिवाज आहे. आणि पाहुणे कधीही वेळेवर येत नाहीत. त्यामुळे गेल्या वर्षापर्यंतच्या तीस वर्षांत सुशिलाबाईंनी एकाही नाटकाची सुरुवात पाहिली नव्हती. त्या मध्येच येऊन बसत आणि यातला चांगला कोण व वाईट कोण, हे शेजारणीला विचारून घेत.

गेल्या वर्षी वडशाची एक नाटक मंडळी येणार होती. तिच्या नाटकाची जाहिरात आठ दिवस भोंग्यावरून चालली होती. पडदा वर जाताच रंगमंचावर खोलीएवढे कमळ उमलते आणि त्यातून राणी गात बाहेर येते, असे त्यात सांगत. सुशिलाबाईंनी घरात सर्वांना सांगून टाकले की यंदा आपण ते कमळ पाहणार, मग काही होवो.

त्या दिवशी त्यांनी पहाटेच चूल पेटवली आणि सायंकाळी सहापर्यंत मटण, भात, पोळ्या सर्व करून ठेवले. बोदलकशाची नणंद आणि तिचे यजमान मनिराम सहाला येणार होते. ते आले नाहीत. आठ वाजता सुशिलाबाईंनी शालीकरामांना समोर उभे केले, कोणत्या गंजात, म्हणजे पातेल्यात, काय आहे ते दाखवले आणि पाहुणे आले म्हणजे तुम्ही वाढा, असे दोनदा सांगितले. शालीकराम "हाव" म्हणाले.

धान कापलेल्या बांधीत, म्हणजे रिकाम्या शेतात, मंडप होता. सुशिलाबाई आणि मी बायांच्या बाजूला ताडपत्री अंथरून पुढेच बसलो. परंतु घरच्या माणसांनी त्यांना स्वस्थ बसू दिले असेल तर शपथ. नात गुंजन हिला दोनदा बाहेर न्यावे लागले. मुलगा ओमेश पुरुषांकडून उठून आला आणि आपले स्वेटर कोठे आहे ते विचारू लागला. ते त्याच्या अंगातच होते. एवढ्यात वाद्ये सुरू झाली आणि लगेच थांबली. माईकवर एक माणूस बोलू लागला.

"सुशिलाबाई शालीकराम जिथं बसल्या असतील तिथून त्याहीनं घरी जावं. बोदलकशाचे पाहुणे कुलपापाशी उभे हायेत."

सारा मंडप हसला. सुशिलाबाईंनी मान वळवून पाहिले, तर शालीकराम खुर्च्यांमध्ये मंडईच्या कमिटीच्या लोकांशेजारी बसलेले होते आणि घराची किल्ली त्यांच्या खिशात होती. ते उठले. परंतु घरी जाण्याऐवजी आमच्याकडे आले आणि भात आधी वाढायचा की पोळ्या, असे विचारू लागले. मी आयुष्यात पुष्कळ माणसे पाहिली आहेत, पण मलाही त्या वेळी काही बोलावेसे वाटले.

त्यांचे बोलणे संपत नाही तोच पाहुणे वाट न पाहता मंडपातच येऊन पोहोचले. मनिराम नेमके आमच्या पुढ्यात उभे राहिले. वाटेत दुसऱ्या गावची मंडई लागली, तेथे उशीर झाला, हे त्यांनी सांगितले नाही. ते आम्हांस नंतर कळले.

"वहिनी, असं रायते का? पाहुणे दारात अन् तुमी इथं नाच पाहून राहिल्या?"

आणि पडदा वर गेला. गुलाबी धूर आमच्यापर्यंत आला. मागचे लोक ओरडू लागले. सुशिलाबाई डावीकडे वाकल्या तर तेथे शालीकराम, उजवीकडे वाकल्या तर नणंद.

"भाऊजी, खाली बसा. मंग काय बोलाचं ते बोला."

"आमी बसाले नाई आलो, जेवाले आलो."

एवढ्यात टाळ्या पडल्या. लोकांनी हात धरून मनिरामांना बाजूला केले तेव्हा पाकळ्या पसरून झाल्या होत्या आणि राणी पुढे येऊन गात होती. गाणे संपताच सुशिलाबाई सर्वांच्या देखत उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी "वन्स मोअर" मागितला. मग सर्व मंडपाने मागितला. राणीने गाणे पुन्हा म्हटले. परंतु ते कमळ एकदा उमलले की मिटत नाही. मागून एका माणसाने येऊन एक पाकळी हाताने उचलून पाहिली आणि सोडून दिली.

सुशिलाबाई घरी गेल्या नाहीत. किल्ली तुमच्याच खिशात आहे, एवढे त्या यजमानांना म्हणाल्या आणि खाली बसल्या. पाहुणे शालीकरामांनी वाढलेले जेवले. रस्सा गरम करण्याचे त्यांना सुचले नाही. नाटक पहाटे पाचला संपले. सुशिलाबाईंनी ते पूर्ण पाहिले, पण एकदाही हसल्या नाहीत.

सकाळी मी गेले तेव्हा त्या अंगणात गंज घासत होत्या. नणंद पुढच्या वर्षी येणार नाही असे सांगून गेली होती आणि सुशिलाबाईंनी तिला बरे म्हटले होते. मी जवळ बसले. राखेचा हात थांबवून त्या म्हणाल्या,

"बाई, तुमी पायलं ना? ते कमळ कसं उघडलं, मले सांगा."