तुझ्या जागी इथं कोण?

तीन आठवडे झाले. हॅनोव्हरच्या हॉटेलात सकाळी नानचं पीठ मळत होतो, तेवढ्यात फोन वाजला. माझा मुलगा सोहम जर्मन सैन्यात, सध्या आफ्रिकेत शांतिसेनेत. त्यामुळे फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावतो. पण नितीन होता. "दादा, बाबा गेले..." आमचे सुभेदार काका गेले.

मी नववीत शाळा सोडलेला स्वयंपाकी. सरकारी पत्र आलं की घाम फुटायचा. काका साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झाल्यावर इथं मुलाकडे, नितीनकडे राहायला आलेले. जर्मन त्यांनाही येत नव्हतं, तरी व्हिसाच्या कचेरीत माझ्याशेजारी ताठ बसायचे. "कागदच आहे रे, गोळी नाही." त्या आधारावर मी इथं टिकलो.

म्हणून सोहमनं शांतिसेनेसाठी नाव द्यायचं काढलं, तेव्हा मी त्याला काकांपुढं नेऊन बसवलं. ते 'जाऊ नको' म्हणतील, ही माझी खात्री. काकांनी एवढंच विचारलं, "तुझ्या जागी इथं कोण?"

"काइनर... कोणी नाही, आजोबा. आमच्यात आधीच माणसं कमी आहेत."

काका म्हणाले, "मीपण गेलो होतो आफ्रिकेत. विहिरीवर पहारा. आम्ही उभे असलो की बाया न भिता पाणी न्यायच्या. ते वाया गेलं असं मी कधी म्हणणार नाही. पण मागं देशात पलटणीत माणसं अर्धी. माझा दोस्त नामदेव माझीपण ड्यूटी करायचा. तीस तास जागा, वर ट्रक चालवायला बसवला. घाटात डोळा लागला. त्या बाया घरी पोचल्या, नामदेव नाही पोचला."

"मग जाऊ की नको?"

"जा. पण आधी तुझ्या जागी माणूस माग, लेखी. येईपर्यंत हलायचं नाही."

बदली माणूस थोडाच मिळतोय, म्हणून मी निर्धास्त झालो. सात महिन्यांनी माणूस आला आणि सोहम गेला. मी काकांवर रुसलो. त्यांचे दोन फोन उचलले नाहीत... लिहिताना लाज वाटते.

परवा त्यांच्या खोलीत बसलो होतो. नितीनच्या बायकोनं काकांचा मोबाइल हातात दिला. हवामानाच्या पानावर दोनच गावं होती, सातारा आणि सोहमचं ठाणं. "रोज चहाआधी बघायचे, भाऊजी. तिकडं ऊन वाढलं की बाबांचं जेवणात लक्ष नसायचं. काढून टाकू का ते?"

"राहू दे, वहिनी."

सोहमकडं त्या दिवशी ढग होते. मी फोन परत चार्जिंगला लावला.