घड्याळाला किल्ली देणारा माणूस

कल्पना करा, नऊ वर्षांच्या मुलीला तुम्हाला एक वाक्य शिकवायचंय. मुलीला नीट ऐकू येतं, पण पडद्यावर ती बहिरी वाटली पाहिजे, म्हणून वाक्य हातांनी बोलायचं. वाक्य आहे, ‘त्यानं दार आतून लावलं.’ तिच्या हातांना ते पूर्ण कळायला हवं, आणि तिला शक्यतो कळू नये.

त्या हिवाळ्यात पियो ग्योंग-ओकचं काम हेच होतं. वय अडतीस. आई-वडील दोघंही बहिरे, त्यामुळे ती तोंडानं बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागली. एरवी इस्पितळात, बँकेत, पोलीस चौकीत बहिऱ्या माणसांचं म्हणणं समोरच्याला सांगायचं आणि समोरच्याचं त्यांना, हा तिचा पेशा. होसान गावातल्या एका बंद पडलेल्या शाळेत आमच्या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू झालं, तेव्हा दिग्दर्शक मा साहेबांनी तिला बोलावून घेतलं. मूकबधिर मुलांच्या वसतिगृहात वर्षानुवर्षं दडपलेल्या अत्याचाराची गोष्ट होती. मी आवाज मुद्रित करणाऱ्यांपैकी. हातांनी बोलायच्या दृश्यांत मला फक्त कपड्यांची सळसळ मिळायची.

पटकथेत लहान मुलगी जेवणघरात मैत्रिणींना वॉर्डनचं नाव सांगते, एकेक अक्षर बोटांनी दाखवून. पियो बाईंनी ते वाचलं आणि मान हलवली.

“मुलं असं सांगत नाहीत, मा साहेब. ती माणसाला खूण ठेवतात. चष्मा, तीळ, एखादी लकब. तीच खूण म्हणजे नाव. तुमचीही ठेवलीय.”

“माझी? कोणती?”

बाईंनी पँट वर ओढल्यासारखं केलं. मा साहेब नेमके तेच करत होते. त्यांनी पँट सोडून दिली.

“हसा,” ते आम्हाला म्हणाले. “बरं बाई, मग वॉर्डनलाही द्या एखादी.”

बाईंनी फार विचार केला नाही. डाव्या मनगटाशी उजव्या हाताची दोन बोटं नेली आणि घड्याळाला किल्ली दिल्यासारखी फिरवली. लहानपणी ती ताटात भात टाकून उठायची, तेव्हा वडील हीच खूण करायचे. तो येईल. तिच्या लेखी तो बागुलबुवा होता, घरातल्या घरातला.

गुरुवारी जेवणघराचं दृश्य लागलं. स्वयंपाकिणींच्या जागी उभं राहायला जवळपासच्या गावांतून चार बायका आणल्या होत्या, त्याच भागातल्या मूकबधिर शाळेत शिकलेल्या. सगळ्यात मोठ्या कुम-रे आजी, साठीच्या. सकाळी त्यांनी बाईंना हातांनी सुनावलं होतं, “तुझ्या हातांना शहराचा वास येतो. जरा सावकाश बोल.” दोघी बराच वेळ हसत होत्या.

पहिली तालीम. दानबी, ती छोटी मुलगी, मैत्रिणींकडे वळली, मनगटाशी बोटं नेली आणि किल्ली फिरवली.

आजींच्या हातातला सूपचा डाव तसाच राहिला. शेजारची बाई एप्रन सोडून बाहेर निघून गेली. उरलेल्या दोघी एकमेकींकडे न बघता भिंतीला टेकल्या.

“काय झालं?” मा साहेबांनी विचारलं. पियो बाई आजींसमोर जाऊन उभी राहिली.

“हे नाव त्या पोरीला कुणी शिकवलं?” आजींनी हातांनी विचारलं.

“मी. मला माझ्या वडिलांनी.”

“तुझे वडील आमच्या शाळेत होते?”

“होते. पियो मान-सिक. तुमच्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठे.”

आजींनी डाव खाली ठेवला. “हे नाव आमच्या वॉर्डनचं. दिवा मालवला की यायचा. पावलं आम्हाला ऐकू येत नाहीत. ज्याच्या उशाशी बसायचा, तिथं आधी घड्याळाला किल्ली द्यायचा. पंचाहत्तर वर्षांचा आहे आता. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो.”

एवढ्यात निर्मितीचं काम बघणारा ग्वाक हातात कागद घेऊन आला. वकिलांचा कागद होता. चित्रपटातलं नाव, चेहरा, खूण, काहीही हयात माणसाचं असता कामा नये. असलं तर दृश्य कापायचं.

“बाई, यांना विचारा. ही खूण खऱ्या कुणाची आहे का?”

बाईंनी विचारलं.

आजींनी ग्वाककडे पाहिलं. मग त्यांचे हात सावकाश हलले.

“कुणाचीही नाही, म्हणावं. आम्ही मोठ्या सरांकडे गेलो होतो, तेव्हा तेही हेच म्हणाले होते. असं काही नाही, असा कुणी नाही.”

भाषांतर करणाऱ्याचा नियम असतो, हातांनी सांगितलं तेवढं सांगायचं, कमी नाही, जास्त नाही. बाईंनी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली. ग्वाकला पहिलंच ऐकू आलं.

“झालं तर मग. खूण तुम्ही दिलीत, तेव्हा इथं लिहा कुठून आणलीत ते, आणि सही करा.”

ही सही मात्र दुसऱ्या कुणाच्या वतीनं नव्हती. खोटं लिहिलं तर तिचं खोटं, आणि खरं लिहिलं तर दृश्य कापलं जाईल, ते नाव आजही कुणाला दिसणार नाही. पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं होतं. मग तिनं लिहिलं, ‘ही खूण मला माझ्या वडिलांकडून मिळाली.’

ग्वाकनं वाचलं. “म्हणजे घरगुतीच की.”

“घरगुती,” बाई म्हणाली.

बाहेर गेलेली बाई परत आली, एप्रन बांधून जागेवर उभी राहिली. दृश्य एका टेकमध्ये झालं. ऐकू येणाऱ्यांना त्यात एका मुलीची बोटं दिसतील. त्या शाळेत शिकलेल्यांना माणूस दिसेल.

रविवारी दुपारी पियो बाई वडिलांकडे गेली. ते वर्तमानपत्र पसरून सुक्या मासळीची डोकी खुडत बसले होते. तिनं समोर बसून मनगटाशी किल्ली फिरवली आणि भुवया उंचावल्या. कोण?

त्यांचे हात थांबले. “जेवलीस का?”

तिनं पुन्हा किल्ली फिरवली. “कुम-रे आजी भेटल्या होत्या, बाबा.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. बहिऱ्यांच्या घरात डोळे मिटले की बोलणं संपतं.

हे तिनंच मला सांगितलं, संकलनाच्या खोलीबाहेर. त्या सहीचं आता तिला काही वाटत नाही. खूण ज्यानं ठेवली, त्यानं ते घड्याळ फार जवळून पाहिलेलं असणार, एवढं तिला कळतं. वडिलांचे डोळे उघडे असताना तिला एकदाच विचारायचंय: ते नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं, बाबा, तुम्ही का?